दोघींची तिकिटं

ल्विवच्या लोकांना कोणी नावं ठेवली की हल्ली मी भांडायला उठते. पूर्वी मीच ठेवायचे. शहरातला माणूस म्हणजे लबाड, हे आमच्या डोंगरातल्या गावात सगळे धरूनच चालायचे.

माझी धाकटी बहीण कालिना तिकडच्या इस्पितळात बेशुद्ध पडली होती. पोस्टातल्या फोनवर निरोप आला. चारला शस्त्रक्रिया, रक्त जुळतं ते फक्त थोरल्या बहिणीचं, उशीर केलात तर आशा सोडा. मी मिळेल त्या गाडीने निघाले. ल्विव स्टेशनवर उतरले तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेर इतकं धुकं, की समोरच्या ट्रामचा नुसता दिवा दिसत होता.

ट्राममध्ये चढले, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या लोकरीचा आणि कोबीचा वास कोंडला होता. तिकिटाला भोक पाडायचं यंत्र पार पुढे, आणि मी मागच्या दाराशी चेंगरलेली.

"तिकीट पुढे दे की," शेजारची म्हातारी म्हणाली. "भोक न पाडलेलं सापडलं तर तपासनीस मधेच उतरवील."

"आणि कोणी ठेवून घेतलं तर?"

"अगं बाई! डोंगरातली दिसतेस." ती हसली. "दे इकडे. ठेवून घ्यायला काय सोन्याचं आहे?"

तिकीट हातोहात पुढे गेलं. वर कोणी बघतही नव्हतं. वाचणारा वाचत होता, पेंगणारा पेंगत होता, पण ज्याचा त्याचा हात मात्र बरोबर पुढे येत होता. इतकी अनोळखी माणसं, आणि माझ्या एवढ्याशा कपट्याची केवढी काळजी! मला एकदम भरून आलं.

तेवढ्यात पुढून एका बाईचा आवाज आला. दमलेला, पण शांत.

"किती जण?"

आमच्या घरची रीत अशी, की आजाऱ्याकडे निघालेल्या बाईने स्वतःला एकटी म्हणायचं नाही. आजाऱ्यालाही धरून सांगायचं, म्हणजे तो दगावत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघी."

खट्... खट्. भोक पाडल्याचा आवाज दोनदा झाला. तिकिटं हातोहात मागे आली. मी एकच दिलं होतं, आली दोन. दोन्ही बर्फासारखी गार.

म्हातारीने ती पाहिली आणि तिचं हसू मावळलं. "दोघी का म्हणालीस?"

"बहिणीला धरून... ती इस्पितळात आहे."

"यंत्रापाशी कोणी उभं राहत नाही गं," ती अगदी हळू म्हणाली. "तिकिटं मात्र परत येतात. एकही कधी हरवलं नाही. भोक कोण पाडतं ते आम्ही विचारत नाही..." तिने डोक्याचा रुमाल सारखा केला. "पण आता... तुझ्याबरोबर दुसरी कोण उतरणार?"

तेवढ्यात इस्पितळाचा थांबा आला. "वाट द्या, बहिणीला रक्त द्यायला चाललेय!" मी ओरडले, आणि अख्खी ट्राम अंग चोरून बाजूला झाली. कोणी माझी पिशवी खाली दिली, कोणी कोपराला धरून उतरवलं. दारातल्या माणसाने टोपी काढली. मी उतरल्यावरही तो तसाच उभा राहिला, माझ्या मागून अजून कोणीतरी उतरत असल्यासारखा.

चारला पाच कमी असताना माझ्या दंडात सुई गेली.

कालिना वाचली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेत मधेच तिचं काळीज थांबलं होतं, मग आपणहून सुरू झालं. त्याला आता चार वर्षं झाली. ती घरीच असते. पूर्वी महाआळशी होती, आता पहाटे उठून सगळ्यांचं करते. अख्खं गाव तिचं कौतुक करतं, मीही करते. त्या शहराचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

फक्त आईला ती आई म्हणत नाही. चुलीपाशी जायचं असलं की तिच्या मागे थांबते, आणि ट्राममधल्या त्या दमलेल्या, शांत आवाजात म्हणते, "अहो बाई, जरा पुढे सरकता का?"