वाटबघ्या

कुझुमी त्या दिवशी गेला होता तो मशिनी उचलायला. खेळायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. साकाई शहराच्या बाजारगल्लीतलं 'मिनातो' नावाचं व्हिडिओ गेम खेळायचं दुकान कायमचं बंद होत होतं आणि तिथल्या जुन्या मशिनी भंगारात न्यायचं काम त्याच्या ट्रककडे आलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत काचांना चिकटवलेला काळा कागद, त्यामुळे दारातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही म्हणजे काही दिसेना.

दुकानाची मालकीण तोकिए आजी कोपऱ्यात बसली होती. एकोणिसाव्या वर्षी कुझुमी इथे रोज पडीक असायचा. आता त्याचं टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं. तिनं ओळख दाखवली नाही, जवाच्या थंड चहाचा पेला तेवढा पुढे सरकवला.

"सगळ्या ने," ती म्हणाली. "मागच्या दोन तेवढ्या शेवटी. चालू आहेत त्या."

"कोण खेळतंय आजी? दुकान तर बंद ना?"

"एकजण बसलाय. हरव त्याला, म्हणजे उठेल."

मागच्या त्या दोन मशिनी एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या; दोन्हींच्या पडद्यांवर एकच लढत चाले. इकडे बसलेल्याला तिकडचा माणूस दिसत नाही. दिसतात ते मशिनीखालून त्याचे बूट. आणि उठून पलीकडे डोकवायचं नाही, हा तिथला नियम. लिहिलेला कुठेच नव्हता, पण मोडायचं नाव कोणी घेत नसे.

कुझुमी वाकला. पलीकडे पांढऱ्या कॅनव्हासचे बूट होते. म्हातारीचं मन राखायला एक डाव टाकू, असं म्हणून तो बसला.

पडद्यावरचा त्याचा गडी पहिल्यापासून पैलवान. पैलवानाचं काम सोपं: अंगावर जायचं, कोपऱ्यात दाबायचं, कवेत घेऊन आपटायचं. पलीकडच्यानं लाठीवाला घेतला होता. आणि तो पुढे येईचना. पैलवानाचा हात जिथवर पोचतो, त्याच्या बोटभर पलीकडे उभा. हात हवेत गेला, की लाठी पायावर. पुन्हा मागे. पुन्हा उभा.

असं खेळणारा या दुकानात एकच होता.

त्याचं नाव वातारू. पोरं त्याला वाटबघ्या म्हणायची, कारण तो समोरच्याच्या चुकीची वाट बघत बसायचा. त्याची सगळी विद्या अंतर मापण्याची. एका संध्याकाळी कुझुमी त्याच्याकडून सलग नऊ वेळा हरला, आणि दहाव्या वेळी त्यानं शेजारचा टिनाचा ॲशट्रे उचलून मशिनीवरून पलीकडे भिरकावला. कड लागली ती नेमकी वातारूच्या डाव्या डोळ्यात. कुझुमी गर्दीतून सटकला. पलीकडून कोणाला काय दिसणार?

एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही म्हणतात. तीन आठवड्यांनी वातारू स्टेशनच्या फलाटावर उभा होता आणि फलाटाची कड अजून दोन पावलं लांब आहे असं त्याला वाटलं, आणि तो येत्या गाडीखाली गेला. मग त्याची आई दुकानात येऊन एकेका पोराला विचारायला लागली, "समोर कोण बसलं होतं रे?" कुझुमी म्हणाला, "मावशी, मी तर तेव्हा बाहेर होतो." वर तिला पाणीही आणून दिलं. हलकटपणाला काही सीमा असते की नाही?

आताही पहिली फेरी कुझुमीच्या हातची गेली. दुसरी कशीबशी त्यानं मारली. तिसरीत पैलवानानं लाठीवाल्याला पार कोपऱ्यात नेलं. आता मागे जागाच नव्हती. कुझुमीच्या अंगात जुना सैतान शिरला.

"आता कुठे पळशील रे, भागूबाई? ये ना पुढे!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला. "तूच ये... अजून दोन पावलं..."

कुझुमी आणखी पुढे गेला. दोघे एकमेकांना चिकटलेले दिसत होते, तरी पैलवानाचे हात हवेत मिटले. पुन्हा मिटले. लाठी पायावर बसली. पडद्यावर पैलवान आडवा झाला.

कुझुमीचा हात शेजारी गेला, गार टिनाला लागला, आणि विचार करायच्या आत त्यानं तो ॲशट्रे मशिनीवरून भिरकावला.

पडल्याचा आवाज आला नाही.

तो कान देऊन बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की या दुकानात सिगारेट बंद होऊन कैक वर्षं झाली. तो बसला तेव्हा तिथे ॲशट्रे नव्हताच. नियम गेला चुलीत, असं म्हणून तो उठला आणि पलीकडे डोकावला. खुर्ची रिकामी. खाली बूट नाहीत. ॲशट्रेही नाही.

"अजून तोच आहेस," मागून तोकिए आजी म्हणाली. "हात अगदी तसाच उचललास."

"आजी... तीस वर्षं झाली गं. पोरकटपणा होता तो. कोणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? त्याची आई मेली परवा. मरेपर्यंत विचारत होती मला, आणि मी म्हणत होते, दिसलं नाही बाई." ती त्याच्याकडे बघून हसली. "दिसलं होतं. पण तू माझं रोजचं गिऱ्हाईक होतास ना."

कुझुमी मशिनी तिथेच टाकून निघाला. बाहेरच्या उन्हात त्याच्या डाव्या डोळ्यात राख गेल्यासारखं चुरचुरलं. डोळा चोळत त्यानं ट्रकच्या दाराची मूठ धरायला हात पुढे केला. हात हवेत मिटला. तो पुन्हा धरायला गेला. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा, एक पाऊल पुढे टाकल्यावर, मूठ हाताला लागली.

"ऊन लागलंय मला," तो स्वतःशीच म्हणाला आणि ट्रक सुरू केला.

बाजारगल्लीच्या टोकाला रेल्वेचं फाटक होतं. घंटा वाजत होती, दांडा खाली आला होता, गाडीची शिट्टी जवळ येत होती. कुझुमीनं शांतपणे ब्रेककडे पाय नेला. घाई कशाला? फाटक अजून लांब होतं, चांगलं दोन पावलं.

आणि तेव्हा कुठे त्याच्या पायाशी, ट्रकच्या आत, टिनाचा ॲशट्रे पडल्याचा आवाज झाला.