दहा पावलांचा नियम

सागाच्या ओल्या पानांवर गुडघे टेकून कामिनी त्या पेटीवर वाकली, तोच मागून आवाज आला.

"मागं सरका जी मॅडम. श्वास नका घेऊ तिथं."

"मग काय मरू?"

"दहा पावलं दूर जाऊन घ्या ना. आम्ही जंगलाचा श्वास मोजून राहिलो, तुमचा नाही."

हा धम्मानंद. जवळच्या खाप्याचा, जंगलातली यंत्रं सांभाळणारा. ती नागपुरातल्या मनीषनगरची, संशोधनासाठी नुकतीच रुजू झालेली. दर अर्ध्या तासाने पेटीचं झाकण आपोआप मिटायचं आणि जमिनीतून किती कार्बन डायऑक्साइड वायू निघतो ते मोजलं जायचं. जवळ माणूस असला, की त्याच्या उच्छ्वासाने आकडा फुगायचा.

कामिनीने नियम पाळला... महिनाभर. पण पेटीजवळच्या मोहाच्या झाडाची सावली फार गार होती. दर बुधवारी दोघं तिथेच जेवायला बसू लागली.

"आजही वांगंच?"

"तुह्यासाठी आईनं केलं. विचारत होती, कोण आहे एवढं खाणारं?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगतो ना... घाई काय आहे?"

तो पान चुरगाळत राहिला. तिने हसून त्याच्या हातातली भाकर मोडून घेतली. झाकण केव्हा मिटलं, दोघांनाही कळलं नाही.

वर्षाचे आकडे मांडले, तर दर बुधवारी दुपारी जमीन भलताच जास्त वायू सोडत होती. प्रकल्पप्रमुख मधुसूदन सरांनी दोघांना बोलावलं.

"पेटीपाशी कोण बसत होतं?"

कामिनीचा परदेशी शिक्षणाचा अर्ज सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. ती त्या कागदाकडेच बघत राहिली.

"मी, सर," धम्मानंद म्हणाला. "एकटाच."

त्याला त्याच दिवशी काढलं. अर्जावर सही झाली.

चार दिवसांनी ती खाप्याच्या स्टँडवर त्याला गाठायला गेली. तो नागपूरला, मिहानमधल्या कंपन्यांत काम शोधायला निघाला होता.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आधीच सांगायला हवं होतं..."

"माहीत आहे मले," तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "पण हे मले काहून सांगतेस वं? तू पण तिथं बसत होतीस, एवढंच सरले सांग. सांगशील?"

"धम्मानंद, पुढच्या महिन्यात जायचंय मला..."

नागपूरची गाडी लागली.

"चढा मॅडम," तो बाजूला होत म्हणाला. "यानंतरची गाडी लई उशिरा आहे."

ती खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. तोही चढला, पण मागे दांडा धरून नागपूरपर्यंत उभाच राहिला.