चोकला लावलेला चिमटा

"नापास," तो म्हणाला, आणि कागद तिच्या हातात देताना जरासा हसला.

ते हसणं तिला झोंबलं. आयुष्यात तिला कुणी नापास केलं नव्हतं. उलट ती शाळेत गणित शिकवायची आणि दर परीक्षेला अर्धा वर्ग गार करायची. आणि इथे, धूर तपासणी केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये, निळ्या डगल्यातला एक लुकडा चष्मेवाला तिच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतो काय, यंत्राकडे बघतो काय, आणि एका शब्दात निकाल लावून मोकळा होतो काय.

"हसायला काय झालं?" तिने विचारलं.

"तुम्हाला नाही हसलो, मॅडम. गाडीला हसलो." मग चष्मा पुसत, चाचरत — "म्हणजे… तिलाही नाही. आवडली मला. असलं प्रकरण पहिल्यांदाच बघतोय."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. पण तो 'प्रकरण' शब्द आठवला की अजूनही तिला वर्गात मध्येच हसू फुटतं, आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

प्रकरण होतंच तसं. गाडी तिच्या बाबांची. बाबा कारखान्यात लेथवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना स्वस्थ बसवत नसे. एवढ्याशा गाडीत त्यांनी एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. त्यासाठी बॉनेट कापलं, पुन्हा जोडलं, गॅरेजवाल्यांनी वेड्यात काढलं तरी ऐकलं नाही. आई म्हणायची, शेळीला बैलाचं काळीज लावलंय या माणसाने. घरात त्या गाडीला सगळे 'म्हातारी' म्हणत.

बाबा गेले त्याला काही महिने झाले होते. म्हातारी स्वतःच्या नावावर करायला ती नोंदणी कार्यालयात गेली, तेव्हा कारकुनाने कागदावरचं इंजिन आणि गाडीतलं इंजिन ताडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बदल केलेली गाडी म्हणून नव्याने नोंद होईल, तो म्हणाला, पण आधी धुराची तपासणी पास करून आणा. संधी तीन. तिसऱ्यांदाही नाही जमलं तर नंबर रद्द आणि गाडी भंगारात. बाबांच्या हातचं घरात एवढं एकच उरलं होतं. ते भंगारात जायचं या विचाराने तिला दोन रात्री झोप लागली नाही.

गॅरेजवाल्याने सांगितलं ते सगळं तिने केलं. फिल्टर बदलला, प्लग बदलले, ऑइल बदललं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच शेडमध्ये येऊन रांगेत उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. तो आतून स्वतःचं स्टूल घेऊन आला, सावलीत ठेवलं, आणि यंत्राकडे गेला. मग तिच्या हातातल्या तपासायच्या वह्या बघून दर गाडीमागे एकेक वाक्य बोलायला येत राहिला. मास्तरीणबाई, मुलं घाबरतात का तुम्हाला? ती म्हणाली, घाबरायलाच हवीत. तो म्हणाला, मग बरोबर, माझेही हात सकाळपासून थरथरताहेत. बोलणं साधंच होतं, पण रांग जरा हळू सरकली असती तर तिची हरकत नव्हती.

या वेळी आकडा बघून तो हसला नाही. कागद हातात धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यावरून तिला कळलं, आणि डोळे भरून आले.

"इथे आम्हाला फक्त मोजता येतं," तो हळूच म्हणाला. "दुरुस्तीचं बोलायचं नाही, असा नियम आहे. पण… सुट्टीच्या दिवशी येऊ का घरी? बघायला?" आणि बऱ्याच वेळाने, "गाडी."

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. गाडीच्या कामाला इस्त्रीचा शर्ट कुणी घालत नाही, हे आईच्या नजरेतून कसं सुटेल? कोण गं हा, आईने खिडकीतून विचारलं. तपासनीस, असं उत्तर मिळाल्यावर म्हणाली, गाडीचा की आपला? आणि चहा टाकायला आत निघून गेली.

त्याने प्लग काढून दाखवला. नवा कोरा प्लग, पण काजळी धरलेला. हिला हवा कमी पडतेय आणि पेट्रोल जास्त जातंय, तो म्हणाला. बॉनेटखाली तासभर डोकं घालूनही कारण काही सापडेना. शेवटी पाय दुखले म्हणून तो आत बसला, आणि स्टिअरिंगशेजारी त्याची नजर खिळली. इंजिनाची हवा अडवणाऱ्या चोकचं बटण अर्धं बाहेर ओढलेलं होतं, आणि ते मागे सरकू नये म्हणून त्याच्या दांडीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता.

"हा कशाला?"

"बाबांचा आहे. त्याला हात लावायचा नाही," ती पटकन म्हणाली.

मग तिला सांगावंच लागलं. गेल्या हिवाळ्यात तिची शाळा सकाळी सातची होती. बाबांची तब्येत तेव्हाच खालावली होती, पण लेकीला अंधारात एकटी पाठवायला ते तयार नव्हते. थंडीत म्हातारी दर वळणावर बंद पडायची. म्हणून त्यांनी चोक अर्धा ओढला आणि दोरीवरचा चिमटा काढून तिथे लावला. पुढे हिवाळा संपला, आणि बाबाही संपले. चिमटा राहिला. गॅरेजवाले सगळे बॉनेट उघडून बघायचे, तपासणीला तो मागे नळीपाशी उभा, आणि चालकाच्या जागी बसायची ती एकटीच. बाबांनी लावलाय म्हणजे काहीतरी विचार करूनच, असं तिने धरलं होतं.

त्याला तो चिमटा एका बोटाने काढता आला असता. पण तो गाडीतून उतरला आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

"विचार केलाच होता त्यांनी. थंडीचा, आणि तुमचा," तो म्हणाला. "ते असते तर उन्हाळा लागल्या लागल्या त्यांनीच काढला असता."

ती चालकाच्या जागी बसली. मग चिमटा काढला. बटण आपसूक आत गेलं, आणि तिने चावी फिरवली. म्हातारी पहिल्यांदा खोकली, मग कुरकुर थांबली, आणि इंजिनाचा तो जुना, गोल, निवांत आवाज अंगणात भरून राहिला. लहानपणी मागच्या सीटवर याच आवाजात तिला झोप लागायची. बाबा गेल्यानंतर ती इतकी कधीच रडली नव्हती. तो टायरची हवा बघत बसला, चारही टायरची, आणि मग डिकीतल्या जादा टायरचीही.

त्यानंतर दोन संध्याकाळी तो येऊन कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून गेला. दुसऱ्या संध्याकाळी तर स्क्रूला काही करायचं उरलंही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला म्हातारी शेडमध्ये शिरली, आणि यंत्रापाशी उभा असलेला तो तिला बघून बाजूला झाला. कागद त्याने केंद्रातल्या सगळ्यात जुन्या तपासनिसाच्या हातात दिला. त्यांना सगळे काका म्हणत, आणि सगळे टरकून असत. ऐन वेळी पाठ फिरवली याने, असं तिला वाटलं. काकांनी नळी घातली, आकडा दोनदा बघितला, आणि सही ठोकून कागद तिच्याकडे सरकवला. पास.

आनंद झालाच, पण राग आधी बाहेर पडला. तो मागच्या नळावर हात धूत होता.

"मला वाटलं, तुम्ही असाल."

"गाडीला हात लावलाय मी. मला तपासता येत नाही."

"एवढंच होतं तर आधी सांगायचं."

"एवढंच नव्हतं…" त्याने ओले हात पँटला पुसले, कागद घेतला आणि सहीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. जगातली प्रत्येक ओळ लाल पेन घेऊन वाचणाऱ्या तिने ही ओळ कधी वाचलीच नव्हती. तिन्ही वेळा ती फक्त आकडा बघत होती. तिथे छापलेलं होतं — वाहनमालकाशी माझा कोणताही संबंध नाही.

"पहिल्या वेळी बिनधास्त सही केली," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी… जरा ओढूनताणून. आज हात होईना."

नळ नीट बंद झाला नव्हता. तिने तो बंद केला, पदराशी उगाच चाळा केला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या घराजवळही एक केंद्र आहे. चालत पाच मिनिटांवर. पहिल्यांदा ते बंद होतं, म्हणून इकडे आले होते."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा उघडं होतं."

पुढे कितीतरी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, म्हातारीची तपासणी काकांनीच केली. म्हातारीच्या कागदावर ती सही त्याला पुन्हा कधी करता आली नाही.