खांद्यावरचा हात

त्या संध्याकाळी रखवालदाराला एकच गोष्ट हवी होती, पाठ टेकायला जागा. उद्यापासून बदली, हुकूम खिशात होता. या पाणथळीची पंधरा वर्षं राखण केली, आता एकदाची सुटका. वर्षभर डावा खांदा भरून आलेला. डॉक्टरांनी मलम दिलं, बायकोनं शेक दिला, पण काडीचा फरक नाही.

तो फाटकाला कुलूप लावणार, तोच एक मुलगी धावत आली.

"दादा, माझे बाबा अजून परतले नाहीत हो! पक्षी बघायला गेलेत."

गेल्या वर्षी असंच अंग मोडून आलं म्हणून त्यानं शेवटची फेरी टाळली होती, आणि त्याचा जोडीदार, नावाडी, रात्रभर चिखलात रुतून राहिला. सकाळी सापडला तेव्हा... जाऊ दे.

"तू इथंच थांब," म्हणून तो पाय ओढत लाकडी पायवाटेनं लपणाकडे निघाला. लपण म्हणजे पाण्याकाठची फळ्यांची खोली, भिंतीला हातभर रुंद फट. आत बोललं की पाखरं उडतात, म्हणून त्यानं आणि नावाड्यानं खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एक टिचकी, उजवीकडे बघ. दोन, डावीकडे. अख्खा तळवा ठेवला, की हलू नकोस.

लपण रिकामं होतं. कुजक्या पानांचा वास दाटला होता. तो बाकावर बसला, क्षणभरच म्हणून, आणि डोळे मिटले.

डाव्या खांद्यावर टक... टक.

सवयीनं त्यानं डावीकडे बघितलं, आणि मग अंगावर काटा आला. फटीतून लव्हाळ्यात त्या मुलीचा म्हातारा बाप दिसत होता, छातीपर्यंत रुतलेला.

दोर, फळी आणि उरलंसुरलं बळ लावून त्यानं म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. दोघं फाटकाकडे निघाले.

"हाका मारून घसा बसला माझा," म्हातारा कापत म्हणाला. "नशीब, तुमच्या जोडीदाराला तरी ऐकू आलं."

"कुठला जोडीदार?"

"हे काय, तुमच्या मागेच तर आहेत... चिखलानं माखलेत बिचारे. तुम्ही येताना दिसलात तेव्हापासून बघतोय, खांद्यावरचा हात काही काढत नाहीत. तुम्हाला खुणावण्यापुरता उचलला, परत ठेवला."

रखवालदार मागे वळला नाही. "बोटं टेकलीत... की तळवा?"

"अख्खा तळवा."

फाटकाबाहेर मुलगी बापाला बिलगून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "दादा, दमलात हो. या ना बाहेर, बसा जरा."

त्यानं खिशातला हुकूम चाचपला. फाटक सताड उघडं होतं. त्यानं पाऊल उचलायला घेतलं... पण उचलेना.