बॉनेट गरम आहे!

सिएनी गाडीखाली उताणी पडली होती, त्यामुळे लाफाएले तिला आधी फक्त घोट्यापर्यंतच दिसला. पावलं मात्र चांगली होती.

"काय हो," वरून आवाज आला, "गाडीच्या पोटात काही हरवलंय का?"

"तेल गळतंय का बघतेय. पाद्रीबाबांनी पाठवलंय. तू कोण?"

"गाडीचा मालक."

ती सरपटत बाहेर आली आणि—उगाचच—केसांवरून हात फिरवला. हाताला ग्रीस होतं, हे नंतर लक्षात आलं. तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची... जणू दुसरी कुणासाठी तरी राखून ठेवली होती.

सावाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर जुनी पेट्रोल गाडी घ्यायची, तर आधी गॅरेजवाल्या सिएनीला विचारायचं. पाद्रीबाबांची आधीची गाडी भर अंत्ययात्रेत शवपेटीसकट बंद पडली होती, आणि ती चढावर ढकलताना चार नातेवाईक जवळजवळ मयताच्या सोबतीलाच गेले होते. तेव्हापासून बाबा देवावर थेट विश्वास ठेवत आणि इंजिनावर सिएनीमार्फत.

तिने बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम आहे."

"पाव आणायला गेलो होतो."

"मग फुकट गेली माझी सकाळ! इंजिन गार असताना सेल्फ मारला की खरं दुखणं कळतं. गरम झालं की खटारा इंजिनही सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं गोड वागतं. उद्या येते. तोवर हात लावायचा नाही."

"कुणाला?"

"गाडीला!"

बुधवारी बॉनेट पुन्हा गरम. चर्चच्या गायकांना सोडून आलो, म्हणाला. सिएनी त्याला फैलावर घेणार, एवढ्यात त्याच्या आईने, सिमेआबाईंनी, घरातून हाक मारली. बेटावरच्या बाकी घरांसारखेच नुसते खांब आणि छप्पर, घराला भिंती नव्हत्याच, त्यामुळे हाक गावभर गेली. "लवकर बघ गं पोरी! गाडी विकली की शनिवारच्या विमानाने लाफाएले ऑकलंडला! थोरल्याने काम बघून ठेवलंय!"

सिएनी आली तशीच मागे फिरली.

गुरुवारी बॉनेट गरमच.

"डुकराला डॉक्टरकडे नेलं होतं," लाफाएले म्हणाला.

"कुठल्या? त्या केळीखाली लोळतंय त्या?"

"बघ, किती फरक पडला!"

तिला हसू आवरेना. आणि परतताना कळलं की... आपण हसलो नसतो तर बरं झालं असतं. त्या दुपारी गॅरेजात तिने एका टेम्पोचं चाक दुसऱ्याच टेम्पोला लावलं, पाना चहात बुडवला, आणि "काही होतंय का?" असं विचारणाऱ्या गॅरेजच्या मालकावर खेकसली. गाडी चांगली निघाली तर तो जाणार. गाडी चांगली आहे की नाही, ते आपणच सांगणार. हा कुठला न्याय?

शुक्रवारी पाद्रीबाबा स्वतः सोबत आले. सिएनीने बॉनेटवर हात ठेवला.

गार!

तिने नाइलाजाने किल्ली घेतली. सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. सायलेन्सरला धूर नाही. आवाजात खडखड नाही. देवा, एक तरी खोट काढ ना... पट्टा बघितला, प्लग बघितले, सगळं जागच्या जागी. मग इंजिन बंद करून तिने तेलाचं झाकण उघडलं.

आत पांढरा, दाट थर!

तेलात पाणी! म्हणजे तेल-पाणी वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं. गाडी गेली, विमान गेलं! एखाद्याचं इंजिन बिघडलं म्हणून बॉनेटखाली डोकं घालून आनंदाने उड्या मारणारी ती जगातली पहिलीच मेकॅनिक असावी.

पण सवयीने तिने तेलाची पट्टी ओढली. तेल मधासारखं स्वच्छ. रेडिएटर काठोकाठ भरलेला. तिने बोटावरचा पांढरा थर हुंगला... नारळ! पालुसामी करताना अळूच्या पानात भाजतात तसलं नारळाचं दूध. कांद्याचा तुकडासुद्धा होता.

"घेऊ का गं गाडी?" पाद्रीबाबांनी विचारलं.

लाफाएले जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. एक शब्द... 'नको' म्हटलं की संपलं. पण बाबांच्या डोळ्यांत असा भरवसा होता, की त्यांच्यापुढे खोटं बोलण्यापेक्षा शवपेटी ढकलणं सोपं.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "इंजिन ठणठणीत आहे. झाकण तेवढं पुसून देते."

बाबा खुशीत सिमेआबाईंकडे चहाला गेले.

"का सांगितलंस?" लाफाएले कुजबुजला.

"मग काय सांगू? इंजिन पालुसामी खातं म्हणून? जायचं नाही तर तोंडाने सांग ना! इंजिनाला कशाला खोटं बोलायला लावतोस?"

"आईपुढे माझं तोंड उघडत नाही गं. 'पोट भरलं' म्हणायला वीस वर्षं लागली."

"आणि... का नाही जायचं?"

"सोमवारपर्यंत जायचं होतं. मंगळवारी गाडीखालून कुणीतरी बाहेर आलं—केसांना ग्रीस लावून."

सिएनीने फडक्याने तेच झाकण चौथ्यांदा पुसलं. "हे मला नाही... आधी तिकडे सांग."

तो गेला. पायरीपर्यंत जाऊन परत वळला, पुन्हा गेला. मग एकदाचा ओरडलाच, "आई, मी ऑकलंडला जात नाही!"

बाबांचा कप ओठांपाशी थांबला. शेजारच्या तीन घरांतल्या माना इकडे वळल्या. सिमेआबाईंनी मुलाकडे बघितलं, मग सिएनीकडे, ग्रीससकट, नखशिखांत.

"ही?"

"हो."

"हिने होकार दिलाय?"

"अजून... विचारलं नाही."

"मग आधी मला काय सांगतोस, बावळटा?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि थोरल्याला फोन तूच कर. त्याचा आरडाओरडा मी ऐकणार नाही."

पाद्रीबाबा नव्या गाडीत बसून असे सुसाट निघाले, की सोबत आणलेल्या सिएनीला मागेच विसरले. तिला गॅरेजला पोचवायला लाफाएले बसमध्ये चढला. बस खच्चून भरलेली. अशा वेळी बसलेल्याच्या मांडीवर बसायचं, हा बेटाचा रिवाज. एका आजीबाईने सिएनीला मांडीवर ओढलं. पलीकडच्या जाड्या गृहस्थाने उठून लाफाएलेला आपल्या जागी बसवलं आणि मग त्याच्यावर स्वतः बसला.

"ऑकलंडला म्हणे..." लाफाएले गृहस्थाच्या पाठीआडून म्हणाला, "प्रत्येकाला वेगळी सीट असते."

"पस्तावलास?"

"पाय बधिर झालेत. पण नाही. सिएनी... तू काय म्हणतेस?"

पाठीआडून एक हात बाहेर आला. तिने तो धरला. तिच्या बोटांचं ग्रीस त्याच्या बोटांना लागलं.

"ए पोरी, चुळबुळ करू नकोस!" आजीबाई करवादली. "नीट बस, नाहीतर जा त्याच्याच मांडीवर!"

सगळी बस हसली. सिएनी नीट बसली. हात मात्र सोडला नाही.