कंसातली आजी

"माझ्या आजीला मांत्रिकीण तुम्हीच केलंत का?"

दारातल्या तरुणानं हे इतक्या अदबीनं विचारलं की मी "हो, बसा ना," म्हणून मोकळी झाले. मग जीभ चावली.

चॅनेलवरच्या फिल्म्सच्या पट्ट्या मी लिहायची... पडद्याच्या तळाशी दिसतात ना, त्या ओळी. डोंगरातल्या आदिवासींवरची फिल्म त्याच संध्याकाळी लागणार होती. तिच्या जाहिरातीत एक म्हातारी हात हलवत भरभर बोलत होती, मागे ढोल, आणि खाली माझी पट्टी — (मंत्रोच्चार). भाषा कळली नाही की कंसात हेच टाकायचं, अशी आमची पद्धत.

"मी जमीन मोजणीचं काम करतो," तो म्हणाला. "खाली तुमचे साहेब म्हणाले, पारंपरिक वेशात आला असतास तर मुलाखत घेतली असती. म्हटलं, हाच माझा वेश. इस्त्रीसुद्धा केलीय!"

मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. फिल्ममधला आजीचा तो अख्खा तुकडा मी संगणकावर लावला.

"तो ढोल... बंद कराल?"

ढोल मागाहून जोडलेला होता; तो मी बंद केला. खोलीत फक्त आजीचा आवाज उरला. त्यानं डोळे मिटले, आणि त्याचं बोट माझ्या टेबलावरून सरकू लागलं.

"हा माथ्यावरचा झरा. हा खडकाखालचा. हा धाकट्या बहिणीला सापडला, म्हणून तिच्या नावाचा. हा उन्हाळ्यात रुसतो..."

एक्केचाळीस झरे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, ओळीनं! आजीच्या हाती कागदाचा कपटाही नव्हता. "मी यंत्र लावून पडताळलेत," तो म्हणाला. "एकही चुकला नाही."

माझ्या अंगावर काटा आला. अख्खा डोंगर त्या बाईच्या तोंडी होता, आणि मी तो कंसात कोंबला होता.

"आणि शेवटी हात झटकून काय म्हणतात?"

"कॅमेरावाल्याला म्हणतेय — बाबा, बाजूला हो, झऱ्यात उभा आहेस."

ढोल काढून झऱ्यांची नावं टाकते, असं खाली जाऊन सांगितल्यावर साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, लोकांना ढोल लागतो!"

"मग पट्ट्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या," मी म्हणाले. नोकरी जाऊ शकते, हे कळत होतं. "खोटं मी नाही लिहिणार."

आयत्या वेळी दुसरं कोण मिळणार? "कर काय करायचंय ते," म्हणत ते गेले.

तो नावं सांगत गेला, मी लिहीत गेले. एका अक्षरावर अडले तर त्यानं वाकून कळ दाबली. बोटाला बोट लागलं... दोघांनीही ते लगेच काढलं नाही.

संध्याकाळी पडद्यावरून एकेक झरा उतरत आला, ढोलाविना. दारात उभे राहून साहेबही बघत होते. माझे डोळे भरून आले.

निघताना तो माझ्याकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"मंत्रोच्चार."

"ए, खरी पट्टी सांग!" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

त्याचे कान लाल झाले. "म्हणालो... तू मला फार आवडलीस. आजीला भेटायला येशील?"

"येईन," मी म्हणाले. "पायाखाली बघून उभी राहीन."