नलूमावशीची बोटं

प्राप्तीनं आधार केंद्राचं शटर अर्धं वर केलं आणि फोन वाजला. पलीकडे भाविका. कॅनडात रात्र झालेली असणार.

"प्राप्ती, आईची बोटं मशीनवर परत नाही उमटली गं! दुसऱ्यांदा!"

भाविका मूळची इथली, रेवसची, शाळेत प्राप्तीच्या बाकावरची. तिला आता सातवा महिना होता. रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून बजावलेलं. मागचं बाळ असंच सातव्या महिन्यात गेलं होतं. नवरा चिराग तिकडे मोठा ट्रक चालवायचा, चार-चार दिवस घरी नसायचा. म्हणून आईला सहा महिने बोलावण्याचा घाट. कागद सगळे झाले होते, अडलं होतं ते बोटांच्या ठशांवर. दोनदा तिची आई, नलूमावशी, लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईच्या व्हिसा केंद्रात गेली आणि दोनदा मशीननं तिचे ठसे नाकारले. तिसरी तारीख परवाची.

"अगं, कोळंबी सोलून बोटं झिजतातच."

"दोन महिने तिनं कोळंबीला हात लावला नाहीये. हेमाली रोज तेल चोळते. कोणीतरी मुद्दाम घालवतंय तिची बोटं. तू शोधून काढ. मी इथून काय करू? मला तर उठताही येत नाही."

शेवटी ती रडायलाच लागली. प्राप्तीला नाही म्हणवेना. शिवाय खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची तिला हौसच होती.

आठ वर्षं आधारच्या मशीनवर बसून तिला गावाची बोटं तोंडपाठ झाली होती. मिठागरात राबणाऱ्याची दहाही बोटं गुळगुळीत. कोळंबी सोलणारीचे दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं गेलेली. बोटं बघून माणसाचा धंदा सांगते, असं ती ऐटीत म्हणायची.

दुपारी ठसे घ्यायचं छोटं यंत्र पिशवीत टाकून ती नलूमावशीकडे गेली. मावशीचे यजमान हरेश्वरकाका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मांडीवर चुन्याची डबी.

"कोण तू?"

"प्राप्ती, काका. केंद्रवाली."

काकांनी चिमूट तोंडात टाकली, तिच्याकडे पाहिलं. "कोण तू?"

"मोठ्यानं बोल," नलूमावशी घाईनं आतून आली. "कानानं गेलेत ते."

चुना बघून प्राप्तीच्या मनात पाल चुकचुकली. चुन्यानं कातडी जाते. बायको सहा महिने जाऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं तेलात काही कालवलं असेल का?

तेवढ्यात शेजारची हेमाली तेलाची बाटली घेऊन आली. काकांच्या पुतण्याची बायको.

"तेल कुठलं हे?"

"घाण्यावरचं खोबरेल. माझ्याच घरात असतं."

"मावशी गेल्यावर काकांचं कोण बघणार?"

हेमालीचा चेहरा उतरला. "मीच की. मना विचारलं कोणी? मी ताट घेऊन आले तरी वराडतात, घराबाहेर हो म्हणून."

"मग मावशी गेली नाही तर बरंच तुला."

"बरंच हाय!" हेमाली तडकली. "पण म्हणून मी तिची बोटं घालवीन? बघ, माझ्या हातांना पण तेच तेल लागतंय रोज."

प्राप्तीनं यंत्र काढलं. हेमालीचे ठसे लख्ख उमटले. मग मावशीचा उजवा हात ठेवला. पाचही बोटं कोरी. डावा ठेवला. पाचही बोटांच्या रेषा साफ दिसत होत्या.

"चला, लाँच आली," काका एकदम म्हणाले.

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं जेट्टीकडून भोंगा वाजला.

प्राप्ती हात धुवायला मागे मोरीत गेली. तिथे सुरी पाजवायचा दगड पडला होता, ओला. वर खिळ्याला काकांचा कोयता लटकत होता, गंजून लाल झालेला. मासेमारीची होडी विकून तीन वर्षं झाली होती. बाजूची सुरीही बोथट होती. प्राप्ती तिथेच उभी राहिली. आपण इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिनं हेमालीला घरी पाठवलं. मग मावशीसमोर बसली.

"तेलात काही असतं, तर तुझे दोन्ही हात गेले असते आणि हेमालीचेही. कोळंबीनं दोन्ही अंगठे जातात. मिठानं दहाही बोटं. तुझा एकच हात गेलाय. उजवा, आणि पाचही बोटं सारखी. दुसऱ्यानं कोणी घालवली असती तर डावा हात कशाला सोडला असता? घरात धार कशालाच नाही, पण दगड ओला आहे. मावशी, तू स्वतःच घासतेस."

नलूमावशीनं उजव्या हाताची मूठ मिटली.

"आणि काका बहिरे नाहीत. लाँच त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू आली. मी बोललेलं त्यांना ऐकू येतं, ते ध्यानात राहत नाही. होय ना?"

"व्हय," मावशीनं पदर तोंडाला लावला. "मी आंघोळीला गेले तरी दारात बसून रडतात. आता मनाच तेवढं वळखतात. सहा महिने कोणाच्या गळ्यात घालू? आणि पोरीला सांगू कसं? तिचा बीपी..."

"नाही येत, एवढं म्हणायचंस."

"मी न्हाय बोलले तर ती इचारील, का न्हाय? मशीन न्हाय बोललं तर कोण इचारणार?"

"मग डावा हात का ठेवलास?"

मावशीनं तो हात उलटा करून पाहिला. "घासायला घेतला व्हता. हात चालला न्हाय. मागचं बाळ गेलं तवा ती एकटी व्हती, प्राप्ती."

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. पोरीचा फोन ती कधी वाजत ठेवायची नाही. सवयीनं तिनं उचलला, स्पीकरवर.

"आई, प्राप्ती आली का? काही कळलं?"

"कोणाचा फोन?" काकांनी ओट्यावरून विचारलं.

"भाविकाचा," मावशी बोलून गेली.

"कोण भाविका?"

मावशीनं फोनवर तळवा दाबला, पण उशीर झाला होता.

"आई," भाविका म्हणाली, "बाबा असे कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

प्राप्ती खाली मान घालून बसली. तिनं शोधलेलं सगळं खरं होतं आणि कुणाच्याही कामाचं नव्हतं.

"परवा नको जाऊस, आई."

"आणि तू गं?"

काका उठून आत आले आणि बायकोला चिकटून उभे राहिले. नलूमावशीनं फोन डाव्या हातात घेतला, कानाशी घट्ट धरला, आणि उजव्या हातानं काकांचं मनगट पकडलं.